नेस्टेड आरडीपी: आतल्या सर्व्हरवरून प्रिंट निघत नाही, डॉट मॅट्रिक्स तर मुकाच

प्रश्न: खातेवही७२

नमस्कार मंडळी. नेस्टेड आरडीपी म्हणजे एका रिमोट डेस्कटॉपच्या आतून दुसऱ्या रिमोट डेस्कटॉपवर जाणं. आधी मांडणी सांगतो, मग दुखणं.

शाखेतला पीसी विंडोज ११ प्रो आहे. त्याला यूएसबीने दोन प्रिंटर: एक एचपी लेझरजेट, दुसरा टीव्हीएस एमएसपी २५० डॉट मॅट्रिक्स. डॉट मॅट्रिक्सवर १० × १२ इंची सलग कागद. बाहेरून फक्त एका सर्व्हरवर येता येतं, त्याला 'मधला' म्हणतो. तो विंडोज सर्व्हर २०१९. त्याच्या डेस्कटॉपवर एक आरडीपी शॉर्टकट आहे, त्यावरून 'आतल्या' सर्व्हरवर जायचं. तो विंडोज सर्व्हर २०१६ आणि बिलिंगचा प्रोग्रॅम तिथेच चालतो.

अडचणी:

१. आत गेल्यावर कधी दोन्ही प्रिंटर दिसतात, कधी एकही नाही.

२. दुपारी नेट जाऊन परत आलं की प्रिंटर दिसतो, जॉब जातो, रांग रिकामी होते, पण कागद जागचा हलत नाही.

३. लेझरवर तोच रिपोर्ट मधल्यावरून लगेच निघतो, आतून काढला तर बराच वेळ लागतो आणि खालची शेवटची ओळ कापली जाते.

४. डॉट मॅट्रिक्सवर बिल निघतच नाही. प्रोग्रॅम रॉ टेक्स्ट (पानाचं चित्र न बनवता नुसती अक्षरं) पाठवतो. नोटपॅडमधून काढलं तर निघतं, पण करकर करत, चित्र काढल्यासारखं.

५. प्रिंटरच्या नावापुढचा आकडा बदलत राहतो आणि प्रोग्रॅमला जुनंच नाव हवं असतं.

करून पाहिलेलं: आतल्यावर स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) रीस्टार्ट, शॉर्टकटमध्ये प्रिंटरची टिक, आतल्या सर्व्हरवर टीव्हीएसचा ड्रायव्हर इन्स्टॉल. ड्रायव्हर टाकूनही त्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट' असंच येतं. हे का, ते कळत नाही.

वायरमन

टिक एकदाच पाहिलीत की दोनदा? दोन आरडीपी आहेत, म्हणजे दोन टिका. शाखेच्या पीसीवर 'लोकल रिसोर्सेस'मध्ये एक, मधल्या सर्व्हरवरच्या शॉर्टकटमध्ये दुसरी. शॉर्टकटची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'रीडायरेक्टप्रिंटर्स' (आपला प्रिंटर पलीकडच्या सत्रात दिसू देणं) ही ओळ शोधा. शेवटी १ हवा. ० असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. फाइल सही केलेली असेल तर स्वतः बदलू नका, सही मोडते. ज्याने दिली त्याच्याकडून नवी घ्या.

दोन्ही सर्व्हरवर ग्रुप पॉलिसीतलं (विंडोजमध्ये अ‍ॅडमिनने लावलेल्या नियमांतलं) 'डू नॉट अलाऊ क्लायंट प्रिंटर रीडायरेक्शन' एनेबल्ड नाही ना, तेही बघा. वाटेत आरडी गेटवे (बाहेरची आरडीपी कनेक्शन आत पोचवणारा सर्व्हर) असेल तर त्याच्या कनेक्शन पॉलिसीतही प्रिंटर बंद करण्याची सोय असते. ही बंदी कुणी मुद्दाम घातली असेल तर आधी विचारा. मधला सर्व्हर बऱ्याच ठिकाणी माहिती बाहेर जाऊ नये म्हणूनच असतो.

रांगेतला

टिका असतीलच, कारण प्रिंटर कधीकधी दिसतात. तुमच्या पाच तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत, पण सगळी एका गोष्टीला बांधलेली: आतल्या सर्व्हरला शाखेचा पीसी दिसतच नाही. त्याच्या लेखी क्लायंट म्हणजे मधला सर्व्हर. मधल्यावरच्या तुमच्या सत्रात जे प्रिंटर आहेत तेच त्याला मिळतात, आणि ते जसे आहेत तसेच. प्रत्येक पायरीला फक्त लगेचची मागची पायरी माहीत असते. \\टीएसक्लायंट हा पत्तासुद्धा एकच पायरी मागे जातो.

इझी प्रिंट विंडोज सर्व्हर २००८ पासून आहे. सर्व्हरवर खऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर नसला तरी चालतं. सर्व्हर पानाचं एक्सपीएस (पीडीएफसारखी फाइल) करतो, ते क्लायंटकडे पाठवतो, क्लायंट स्वतःच्या ड्रायव्हरने छापतो. एका पायरीला हे उत्तम. दोन पायऱ्यांत काय होतं पाहा. आतला सर्व्हर एक्सपीएस बनवतो आणि मधल्याकडे देतो. मधला ते 'छापतो', पण कशावर? त्याच्याकडचा प्रिंटर स्वतःच इझी प्रिंटचा. म्हणजे तो पुन्हा नवं एक्सपीएस बनवतो आणि शाखेकडे देतो. तिथे ते पुन्हा उलगडतं आणि एचपीच्या ड्रायव्हरमधून कागदावर येतं. चित्रं, छटा, पारदर्शक लोगो असलेलं पान या प्रवासात फुगतं. तुमचा वेळ तिथे जातो.

आता क्रमाने.

कधी दिसतात, कधी नाही. रीडायरेक्ट झालेले प्रिंटर लॉगिनबरोबर तयार नसतात, डेस्कटॉप दिसल्यावर मागाहून एकेक बनतात. डेस्कटॉप आल्या आल्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं तर मधल्यावर अजून प्रिंटरच नाहीत, मग आत काय जाणार? मधल्यावर 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' उघडून दोन्ही नावं दिसू द्या, मगच आत जा. आधीच गेला असाल तर आतलं सत्र डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडा. लॉग ऑफची गरज नाही, चालू बिल उघडं राहतं.

नेट जाऊन आल्यावर. बाहेरचं कनेक्शन तुटलं की मधल्या सत्रातले प्रिंटर निकामी होतात आणि परत आल्यावर नव्याने बांधले जातात. पण मधल्यावरून आत गेलेलं कनेक्शन या काळात तुटलेलंच नसतं! ते मधल्या सर्व्हरवर आरामात चालू असतं आणि जुन्या प्रिंटरचा धागा धरून बसलेलं असतं. तुम्ही प्रिंट दिलं की आतला स्पूलर जॉब पुढे ढकलतो, त्याचं काम झालं, रांग रिकामी. पुढे घ्यायला कुणी नाही. उपाय तोच: बाहेरचं परत जोडल्यावर आतलंही तोडून जोडायचं. शाखेतल्या मंडळींना 'नेट गेलं की दोन्ही बंद, दोन्ही चालू' एवढं सांगून ठेवा.

नक्की कुठे अडकतं ते शोधण्यासाठी दोन्ही सर्व्हरवर, स्वतःच्या सत्रात, पॉवरशेलमध्ये हे चालवा (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये):

गेट-प्रिंटर | फॉरमॅट-टेबल नेम, ड्रायव्हरनेम, पोर्टनेम

गेट-सर्व्हिस स्पूलर, यूएमआरडीपीसर्व्हिस

दुसरी सर्व्हिस म्हणजे 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस यूजरमोड पोर्ट रीडायरेक्टर'. ती बंद असेल तर स्पूलर कितीही वेळा रीस्टार्ट करा, प्रिंटर बनणार नाहीत. आणि स्पूलर मधल्यावर चालू आहे का ते आधी बघा. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर ही त्रुटी गाजली तेव्हा अनेकांनी ज्या सर्व्हरवरून कुणी छापत नाही तिथला स्पूलर कायमचा बंद केला. मधल्यावर कुणी छापत नाही हे खरं, पण आतल्याचं छापणं त्याच्या स्पूलरमधूनच जातं.

दोन्ही ठिकाणचं आउटपुट इथे टाका. डॉट मॅट्रिक्सचं त्यानंतर बोलू.

खातेवही७२

धन्यवाद. स्पूलर आणि ती दुसरी सर्व्हिस दोन्हीकडे चालू आहेत. प्रिंटर असे:

मधला:
एचपी लेझरजेट (रीडायरेक्टेड ४) | रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट | टीएस००२
टीव्हीएस एमएसपी २५० (रीडायरेक्टेड ४) | रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट | टीएस००३
मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ | मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ | पोर्टप्रॉम्प्ट

आतला:
एचपी लेझरजेट (रीडायरेक्टेड ४) (रीडायरेक्टेड ७) | रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट | टीएस००१
टीव्हीएस एमएसपी २५० (रीडायरेक्टेड ४) (रीडायरेक्टेड ७) | रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट | टीएस००४
मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ (रीडायरेक्टेड ७) | रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट | टीएस००५

थांबून आत गेल्यावर आज तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा दोन्ही प्रिंटर आले. तेवढं सुटलं.

ईएससी_पी

या यादीतच डॉट मॅट्रिक्सचं उत्तर आहे. आतल्यावर टीव्हीएसचा ड्रायव्हर टाकूनही फरक का पडला नाही, हा तुमचा प्रश्न. प्रिंटर पुढे देताना क्लायंट आपल्याकडच्या रांगेच्या ड्रायव्हरचं नाव सांगतो आणि सर्व्हर त्याच नावाचा ड्रायव्हर आपल्याकडे शोधतो. तुमच्या साखळीत आतल्याचा क्लायंट म्हणजे मधला, आणि मधल्याच्या रांगेचा ड्रायव्हर आहे 'रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट'. टीव्हीएस हे नाव आतपर्यंत पोचतच नाही. खरा ड्रायव्हर हवा असेल तर तो साखळीच्या तिन्ही ठिकाणी हवा, आणि सुरुवात मधल्यापासून.

इझी प्रिंटवर रॉ का चालत नाही, तेही सांगतो. तुमचा प्रोग्रॅम अक्षरं आणि मधेमधे ईएससी कोड (प्रिंटरच्या आज्ञा) पाठवतो. इझी प्रिंटला एक्सपीएस लागतं. त्याला हे बाइट उलगडता येत नाहीत, म्हणून काहीच निघत नाही, आणि बहुतेक वेळा एररही येत नाही. नोटपॅडचं निघतं कारण ते विंडोजच्या वाटेने जातं, पान चित्ररूपात बनतं आणि तुमचा ९ पिनांचा प्रिंटर ते चित्र टिंबाटिंबाने काढत बसतो. रिबनही उगाच झिजते.

टीव्हीएसचा ड्रायव्हर वापरूच नका. विंडोजसोबत येणारा 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' वापरा. त्याचं नाव सगळ्या विंडोजवर अक्षरशः एकच असतं, आणि हीच इथे जमेची बाजू. नावात एक स्पेस जरी वेगळी असली तरी जुळणी होत नाही.

शाखेच्या पीसीवर:

१. 'अ‍ॅड प्रिंटर', मग 'मॅन्युअल सेटिंग्ज'. 'यूज अ‍ॅन एग्झिस्टिंग पोर्ट' निवडा आणि टीव्हीएस ज्या पोर्टवर आहे तोच द्या, बहुधा यूएसबी००१ किंवा ००२. जुन्या रांगेच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' टॅबवर दिसेल.
२. उत्पादक 'जेनेरिक', मॉडेल 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली'.
३. नाव छोटं: 'बिल'. तेही रोमनमध्ये, स्पेसशिवाय.
४. आधीची टीव्हीएस रांग तशीच राहू द्या. एका पोर्टवर दोन रांगा चालतात.

मधल्या सर्व्हरवर (अ‍ॅडमिनकडून):

१. ड्रायव्हर बसवा. पॉवरशेलमध्ये 'अ‍ॅड-प्रिंटरड्रायव्हर -नेम' आणि पुढे अवतरणात ड्रायव्हरचं नाव. अवतरण विसरलात तर नावातली तिरकी रेघ आणि स्पेस घोटाळा करतात.
२. ग्रुप पॉलिसीत: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, प्रिंटर रीडायरेक्शन. तिथे 'यूज रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट' हे डिसेबल्ड करा. 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवून भागत नाही, तेव्हा इझी प्रिंटच आधी घेतलं जातं.
३. जीपीअपडेट (पॉलिसी लगेच लागू करणारी आज्ञा) चालवा आणि सत्रातून साइन आउट करा. नुसतं डिस्कनेक्ट करून अवलंबून राहू नका.

आतल्या सर्व्हरवर हेच तीन टप्पे.

डिसेबल्ड केल्याने लेझरचं काय, ही भीती नको. त्या पॉलिसीचा अर्थ 'इझी प्रिंट बंद' असा नाही. आधी जुळणारा ड्रायव्हर शोध, नाही सापडला तर इझी प्रिंट घे, असा आहे. सर्व्हरवर एचपीचा ड्रायव्हर नसेल तर लेझर पूर्वीसारखाच इझी प्रिंटने येईल. म्हणून सर्व्हरवर उगाच ड्रायव्हर टाकत बसू नका. आतला टीव्हीएसचा काढून टाका. सगळ्यांसाठी बदलायचं नसेल तर हीच पॉलिसी यूजर कॉन्फिगरेशनमध्येही आहे. कॉम्प्युटरकडची 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवून फक्त बिलिंगच्या लोकांना लावता येते.

एक मर्यादा: जेनेरिक / टेक्स्ट ओन्लीवर देवनागरी छापली जात नाही. बिलावर ग्राहकाचं नाव मराठीत असेल तर प्रश्नचिन्हं किंवा कचरा येईल. तशी बिलं लेझरवर किंवा टीव्हीएसच्या मूळ रांगेवरच काढावी लागतील, सावकाश.

वायरमन

ईएससी_पी, ड्रायव्हरचं नाव जुळत नसेल तर आयएनएफ फाइलमधून (साध्या मजकुराची सेटिंग फाइल) जुळवणी करता येते ना? रजिस्ट्रीत टर्मिनल सर्व्हरखाली डब्ल्यूडीएस, आरडीपीडब्ल्यूडी, तिथे 'प्रिंटरमॅपिंगआयएनएफनेम' आणि 'प्रिंटरमॅपिंगआयएनएफसेक्शन'.

ईएससी_पी

येते. फाइलमध्ये डावीकडे क्लायंटच्या ड्रायव्हरचं नाव, उजवीकडे सर्व्हरवरच्या ड्रायव्हरचं, दोन्ही अवतरणात. एका पायरीला, म्हणजे लेबल प्रिंटर वगैरेंसाठी, कामाची गोष्ट आहे. पण नेस्टेडमध्ये आतल्या सर्व्हरवर डावीकडे काय लिहिणार? 'रिमोट डेस्कटॉप इझी प्रिंट' लिहिलंत तर सगळेच प्रिंटर त्या एका ड्रायव्हरवर जाऊन पडतील. मधल्यावर लावली तर उपयोग आहे, पण मग तिथे खरा ड्रायव्हर टाकणंच सोपं.

रांगेतला

वरचं बरोबर. उरलेल्या तीन गोष्टी मी घेतो.

कापलेली ओळ. ही लेटर विरुद्ध ए४ची भानगड असण्याची शक्यता जास्त. लेटरची उंची ११ इंच म्हणजे २७९ मिमी, ए४ची २९७. फरक १८ मिमी, साधारण तेवढीच तुमची शेवटची ओळ असेल. सर्व्हर 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' रीजनवर बसवलेला असतो आणि नव्या रांगेचा कागद लेटर धरला जातो. आधी शाखेच्या पीसीवर एचपीच्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्ये ए४ करा ('प्रेफरन्सेस' वेगळं, ते फक्त त्या यूजरपुरतं). मग मधल्याच्या रांगेवर बघा काय दिसतं, मग आतल्या. ज्या पायरीवर लेटर झालं तिथे दुरुस्ती. शेवटी प्रोग्रॅमच्या रिपोर्टमध्येच लेटर कोंबलेलं नाही ना, तेही.

प्रेफरन्सेसचं बटण दाबल्यावर प्रोग्रॅम गोठला असं वाटलं तर घाबरू नका. इझी प्रिंटमध्ये ती खिडकी क्लायंटकडे उघडते, आणि फुल स्क्रीन सत्राच्या मागे लपू शकते. दोन पायऱ्यांत तर मधल्याच्या मागे की शाखेच्या, हे शोधावं लागतं. फुल स्क्रीन छोटी करा, मागे खिडकी सापडेल, ओके करा.

यादीतला 'प्रिंट टू पीडीएफ (रीडायरेक्टेड ७)' वापरू नका. तो मधल्या सर्व्हरचा आहे, फाइल कुठे ठेवायची ते तिकडेच विचारलं जाईल. पीडीएफ हवी तर आतल्याचा स्वतःचा, नावापुढे काही नसलेला, असेल तर तो घ्या; तुमच्या यादीत तो दिसत नाही.

नाव बदलणं. कंसातला आकडा म्हणजे सत्राचा क्रमांक. साइन आउट करून नव्याने आलात की नवा क्रमांक, नवं नाव. दोन पायऱ्यांत दोन आकडे, त्यामुळे बदलायची शक्यताही दुप्पट. वर आणखी एक जुना खड्डा: विंडोजमध्ये प्रिंटरची सेटिंग्ज ज्या डेव्हमोड नावाच्या रचनेत जातात तिच्यात नावाला ३२ अक्षरांचीच जागा असते, त्यातलं एक शेवटच्या खुणेचं. जुने प्रोग्रॅम तिथलं नाव घेतात आणि ते मधेच तुटतं. 'टीव्हीएस एमएसपी २५०' आणि दोन कंस मिळून रोमनमध्ये ३१ च्या पलीकडे आरामात जातात. 'बिल' सारखं छोटं नाव घेतलं तरी दोन कंस धरून ते ३१ च्या वर जातं, तेव्हा नावावर विसंबूच नका.

प्रोग्रॅमला नाव देण्याऐवजी 'डीफॉल्ट प्रिंटर' वापरायला सांगा. त्यासाठी:

शाखेच्या पीसीवर 'बिल' डीफॉल्ट करा आणि 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा. ते चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. लेझरवर एक रिपोर्ट काढला की पुढचं बिल लेझरवर.

हीच सोय मधल्या आणि आतल्या सत्रातही असते. ग्रुप पॉलिसीत यूजर कॉन्फिगरेशन, कंट्रोल पॅनेल, प्रिंटर्स, तिथे 'टर्न ऑफ विंडोज डीफॉल्ट प्रिंटर मॅनेजमेंट' एनेबल्ड करा, एकदाच सगळ्यांना लागू.

'डू नॉट सेट डीफॉल्ट क्लायंट प्रिंटर टू बी डीफॉल्ट प्रिंटर इन अ सेशन' ही पॉलिसी दोन्हीकडे एनेबल्ड नसावी.

बिलिंगचा प्रोग्रॅम 'रन अ‍ॅज' करून दुसऱ्या खात्याने चालवत असाल तर त्याला हे प्रिंटर दिसणारच नाहीत. रीडायरेक्ट झालेला प्रिंटर त्या सत्राच्या मालकापुरता असतो.

वेळ. जॉब कुठे फुगतो ते पाहायची पद्धत: अ‍ॅडमिनकडून मधल्यावरची लेझरची रांग 'पॉज' करा, आतून एक प्रिंट द्या, आणि मधल्याच्या सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या एसपीएल (रांगेतल्या जॉबची) फाइलचा आकार बघा. आतल्यावरही तसंच. इझी प्रिंटची एसपीएल ही खरं तर एक्सपीएसच असते. कॉपी घेऊन शेवट बदला आणि एक्सपीएस व्ह्यूअरमध्ये उघडा, पान नीट आहे की तिथेच बिघडलंय ते डोळ्यांनी दिसेल. रांग पॉज असताना जॉब मधल्यावर आलाच नाही तर दोष आतल्यात किंवा त्या दोघांच्या मधे. आला आणि सोडल्यावर शाखेत पोचला नाही तर दोष बाहेरच्या पायरीत. अर्ध्या तासाचं अंदाजपंचे काम दोन मिनिटांत होतं.

प्रिंटरच बनत नसेल तर सिस्टिम लॉगमध्ये ११११ हा इव्हेंट शोधा. अमुक ड्रायव्हर माहीत नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. 'प्रिंटसर्व्हिस'चा ऑपरेशनल लॉग मुळात बंद असतो, तो चालू केलात तर छापून झालेल्या प्रत्येक जॉबला ३०७ ची नोंद मिळते. मात्र आतल्यावरची ३०७ म्हणजे 'मी पुढे दिलं' एवढंच, कागद निघाला असं नव्हे.

दुहेरी_उडी

आमच्यासारखी बाहेरची पायरी सिट्रिक्स (आरडीपीसारखीच दुसऱ्या कंपनीची प्रणाली) असलेले कुणी वाचत असतील तर दोन ओळी. मूळ नियम तोच: आतल्याला मधलाच क्लायंट वाटतो. म्हणून क्लायंटच्या आयपीवरून किंवा नावावरून जवळचा प्रिंटर देणारी पॉलिसी आतल्या पायरीवर चुकते, तिला सगळेच मधल्यावरून आलेले दिसतात. ती वाटणी पहिल्या पायरीवर करा आणि पुढे तयार प्रिंटर जाऊ द्या.

'ऑटो-क्रिएट क्लायंट प्रिंटर्स' मुळात सगळे प्रिंटर बनवतं. मधल्या पायरीवर ते 'फक्त डीफॉल्ट'वर आणलं तर लॉगिनही हलकं होतं आणि आत कचरा कमी जातो. 'डायरेक्ट कनेक्शन्स टू प्रिंट सर्व्हर्स' मुळात चालू असतं. प्रिंट सर्व्हरपर्यंत आतल्या सर्व्हरची वाट नसेल तर ते बंद करून जॉब क्लायंटच्याच वाटेने न्या. प्रिंटरच बनत नसतील तर 'सिट्रिक्स प्रिंट मॅनेजर सर्व्हिस' आधी पाहा, स्पूलर नंतर.

वायरमन

एक वेगळाच विचार. मधला सर्व्हर फक्त वाट म्हणून आहे ना, त्यावर काही चालवत नाही? मग त्याच्या डेस्कटॉपवरून जाण्यापेक्षा आरडी गेटवे लावायला सांगा. शाखेचा पीसी ४४३ पोर्टवरून गेटवेला बोलेल, गेटवे थेट आतल्याशी जोडून देईल. सत्र एकच, रीडायरेक्शन एकच, इझी प्रिंट एकदाच, नावात कंस एकच. कुणी कुठे जायचं हे गेटवेच्या पॉलिसीत बांधता येतं, म्हणजे सुरक्षेचा हेतूही राहतो. टेक्स्ट ओन्लीचा ड्रायव्हर मग फक्त आतल्यावर लागेल.

लेझर नेटवर्कचा असता आणि शाखेपर्यंत व्हीपीएन असता तर आतल्यावरूनच टीसीपी ९१०० वर सरळ रांग बनवली असती. यूएसबीवर ते नाही.

खातेवही७२

आज बसून केलं. मधल्यावर आणि आतल्यावर टेक्स्ट ओन्ली टाकला, पॉलिसी डिसेबल्ड, साइन आउट. आता मधल्यावर 'बिल (रीडायरेक्टेड ५)' समोर जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली दिसतं, आतल्यावर 'बिल (रीडायरेक्टेड ५) (रीडायरेक्टेड ९)' समोरही तेच. लेझर दोन्हीकडे इझी प्रिंटवरच राहिला, म्हणाला होतात तसा. बिल सरसर निघालं. ए४चा घोळ मधल्यावर होता, तिथे लेटर दिसत होतं. गेटवेचं वर कळवलंय, ते त्यांच्या हातात.

एकच राहिलं: पहिलं बिल नीट, दुसरं एक इंच वर, तिसरं दोन इंच वर सरकतं. आणि १२० रकाने असलेला स्टॉक रिपोर्ट उजवीकडे दुमडतो.

ईएससी_पी

दोन्ही प्रिंटरच्या आज्ञांचे विषय, आरडीपीचा दोष नाही.

सरकणं: इंचाला ६ ओळी धरल्या तर ११ इंची पान ६६ ओळींचं, तुमचं १२ इंची ७२ ओळींचं. प्रिंटर ६६ धरून बसलाय, म्हणून दर पानाला बरोबर एक इंच चुकतो. प्रोग्रॅमच्या प्रिंटर सेटअपमध्ये सुरुवातीच्या कोडची जागा असेल तर ईएससी, मग सी (रोमन, मोठं अक्षर), मग ७२ ही संख्या द्या. दशमानात २७, ६७, ७२. नसेल तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटअपमध्ये पानाची लांबी १२ इंच करा, मॅन्युअलमध्ये बटणांचा क्रम असतो. अर्ध्या पानाचं, ६ इंची बिल असेल तर ७२ च्या जागी ३६. कोड दिल्यावर कागदाची टोकाची रेघ हेडशी जुळवून प्रिंटर एकदा बंद-चालू करा, कारण पानाची सुरुवात तो तिथून मोजतो.

१२० रकाने: १० अक्षरं प्रतिइंच धरली तर ८ इंचात ८०च मावतात. रिपोर्टच्या सुरुवातीला दशमान १५ पाठवा, कंडेन्स्ड होतं, इंचाला सुमारे १७, म्हणजे ८ इंचात १३७ च्या आसपास. शेवटी १८ पाठवून परत मोठं करा, नाहीतर पुढचं बिल मुंगीच्या अक्षरांत निघेल.

खातेवही७२

७२ आणि १५ दोन्ही लागू पडले. शेवटचं १८ विसरलो होतो, मुंगीचं बिल एक निघालंच.